सणाच्या दिवशी यजमान कोण?



गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त चालणाऱ्या या व्याख्यानमालेत यंदा अन्नदानावर बोला, असा मंडळाचा आग्रह होता. अन्नदानाची थोरवी सांगायला खरं तर बाहेरून कुणाला बोलवावं लागत नाही. ती देवळांच्या भिंतींवर आणि पावतीपुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आधीच छापलेली असते. म्हणून मी विषय आवळून घेतला आहे. रोजच्या भुकेबद्दल मी आज बोलणार नाही. सण जवळ आला की कार्यकर्ते जमतात, वर्गणी काढतात, स्वयंपाक करतात किंवा घरोघरचा फराळ गोळा करतात आणि ज्यांच्याकडे सण होणार नाही त्यांच्यापर्यंत नेऊन पोचवतात. त्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे. आज २० डिसेंबर. पाच दिवसांवर नाताळ आहे, पुढे संक्रांत. तेव्हा विषय वेळेवरचाच आहे.

या कामावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. भूक वर्षाचे ३६५ दिवस लागते, मग एका दिवसाच्या लाडवानं काय होणार? आक्षेप घेणारी मंडळी हुशार असतात आणि उरलेल्या ३६४ दिवसांत ती स्वतः काही करताना फारशी दिसत नाहीत, पण ते असो. माझं म्हणणं असं की, आक्षेप बरोबर आहे पण पत्ता चुकला आहे. भुकेसाठी रेशन आहे, २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. ते सगळं कसं चालतं यावर भांडता येईल आणि भांडावंच. पण सणाच्या दिवशी गरिबाचं जे हरवतं ते निराळं असतं. त्या दिवशी दारात कुणी आलं तर त्याच्या हातावर ठेवायला घरात काही नसतं. सणाला गोडधोड खायला मिळत नाही हे अर्धं दुःख झालं. कुणाला खायला घालता येत नाही, हे उरलेलं अर्धं. आपण कार्यकर्ते पहिल्या अर्ध्यावर मेहनत घेतो आणि दुसऱ्याकडे आपलं लक्षच जात नाही.

बाबांपासून सुरुवात करते. देबूजी झिंगराजी जाणोरकर या परीट तरुणाचं, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांचं, पहिलं गाजलेलं बंड जेवणावरूनच झालं. मुलीचं बारसं होतं. अशा प्रसंगी भाऊबंदांना मटण आणि दारू द्यायचा रिवाज होता, आणि तो मोडणाऱ्याला जातीत तोंड दाखवायची सोय नव्हती. देबूजींनी पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद बिथरले. देबूजी बधले नाहीत. आपल्या वडिलांचं दारूनं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. या गोष्टीतून दारूबंदीचा बोध सगळेच काढतात. मला तिच्यात आणखी एक दिसतं. घरात कार्य आपलं, खर्च आपला, पण पानात काय पडावं ते पंगतीला बसलेले ठरवणार, हे त्या तरुणानं नाकारलं. आपल्या घरी आपण यजमान, एवढाच त्याचा हट्ट होता.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. पुढे अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारच्या यात्रेत ते येत राहिले. घाट झाडायचे, आणि आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना, ज्यांना यात्रेतले लोक काठीच्या अंतरावर ठेवायचे त्यांना, बसवून जेवू घालायचे. बाबांचा दंडक सगळ्यांना ठाऊक आहे. हातापायांत बळ असलेल्यानं काम केल्याशिवाय भाकरी खाऊ नये. स्वतः ते आधी गाव झाडत, मग भाकरी मागत. पण ऋणमोचनच्या पंगतीला असली कुठली अट नव्हती. आणि आपणच घातलेल्या अन्नछत्रात बाबा जेवत नसत, गावातून भाकरी मागून आणून गाडग्यात खात, असं त्यांच्या सहवासातले लोक सांगत. याला आपण विरक्ती म्हणून मोकळे होतो. मला ते यजमानाचं वागणं वाटतं. पाहुणे उठल्याशिवाय घरचा माणूस बसत नाही.

आता जरा लांब, न्यूयॉर्कला जाऊ. तिथली एक हकिगत आपल्या कामाशी इतकी जवळची आहे की ती सविस्तर सांगितल्याशिवाय माझा मुद्दा पुढे जाणार नाही.

मुक्तिफौज हे नाव नगर-साताऱ्याकडच्या जुन्या माणसांना ऐकून माहीत असेल. नगरचं इव्हॅन्जलिन बूथ रुग्णालय त्यांचंच. ही लंडनमध्ये उभी राहिलेली ख्रिस्ती संघटना. लष्करासारखे हुद्दे, गणवेश, बँड. तिची छोटी तुकडी १९ सप्टेंबर १८८२ ला मुंबई बंदरात उतरली. तुकडीचा म्होरक्या होता फ्रेडरिक टकर. जन्म बिहारात मुंगेरचा, आणि हिंदुस्थानातली सनदी नोकरी सोडून फौजेत दाखल झालेला. मुंबईत त्यांनी रस्त्यावर वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून पोलिसांनी धरलं. पण हा गृहस्थ चिवट. इथल्या माणसांत मिसळायचं तर साहेब राहून चालणार नाही हे ओळखून त्यानं भगवी वस्त्रं घातली, अनवाणी फिरला, फकीरसिंग हे नाव घेतलं आणि दारोदार भिक्षा मागून जेवला. पुढे फौजेचा संस्थापक जनरल विल्यम बूथ याच्या मुलीशी, एम्माशी, त्याचं लग्न झालं आणि तो बूथ-टकर झाला. १८९६ मध्ये या दांपत्याकडे अमेरिकेतल्या फौजेची सूत्रं आली.

अमेरिकेत तोवर नाताळच्या जेवणाची प्रथा पडू लागली होती. १८९१ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोत जोसेफ मॅकफी नावाच्या कप्तानाला एक हजार गरिबांना नाताळचं जेवण द्यायचं होतं आणि हाती पैसा नव्हता. ओकलंडच्या बोटी लागायच्या त्या धक्क्यावर त्यानं तिपाईला एक मोठं भांडं टांगलं, खेकडे उकडायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यात नाणी टाकायला सांगितलं. मॅकफी पूर्वी खलाशी होता. लिव्हरपूलच्या धक्क्यावर असंच एक भांडं त्यानं पाहिलं होतं. आजही नाताळात अमेरिकेच्या चौकाचौकांत लाल भांडं आणि घंटा घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक दिसतात ते या मॅकफीचे वारसदार.

आणि मग १८९९ चा नाताळ आला. बूथ-टकरच्या अमदानीत फौजेनं न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन घेतलं. हे नावानं उद्यान, प्रत्यक्षात प्रचंड बंदिस्त सभागृह. शहरातल्या सुमारे वीस हजार गरिबांच्या नाताळच्या जेवणाची सोय तिथून झाली. काहींना खाली मांडलेल्या टेबलांवर बसवून वाढलं, आणि हजारो कुटुंबांना घरी न्यायला भरलेल्या टोपल्या दिल्या. मोठं काम. आपल्यापैकी ज्यांनी हजार माणसांची पंगत सांभाळली आहे त्यांना त्याचा घाम कळेल. पण त्या सभागृहात वर सज्जे होते. शहरातले श्रीमंत लोक, उंची कपड्यांत, तिकिटं काढून त्या सज्ज्यांत बसले होते. खाली हजारो भुकेली माणसं जेवत होती आणि वरून ती जेवताना पाहिली जात होती.

यात कुणी दुष्ट नव्हतं. बहुतेकांच्या मनात दयाच असणार, आणि तिकिटांचे पैसे सत्कारणीच लागले. मला राहून राहून नवल वाटतं ते बूथ-टकरचं. ज्यानं स्वतः हातात पात्र घेऊन हिंदुस्थानात भिक्षा मागितली होती, घास मागणाऱ्याकडे लोक कसे बघतात हे ज्याला अंगावर माहीत होतं, त्याच्याच कारकिर्दीत हा खेळ मांडला गेला. काम मोठं झालं की सज्जा आपोआप बांधला जातो, एवढंच मी त्यातून घेते. आपल्याकडचा सज्जा आता खिशात मावतो. फराळाचा पुडा देणाऱ्याचा हात, घेणाऱ्याचा हात, दोघांचं तोंड कॅमेऱ्याकडे आणि मागे फलक. घेणाऱ्या बाईनं पदर ओढून घेतलेला असतो, हे फोटो टाकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

त्या दिवशीच्या टोपल्यांकडे मात्र इतिहास लिहिणाऱ्यांनी कमी लक्ष दिलं. टेबलावरचं जेवण दिसायला भव्य, टोपली अगदीच साधी. पण टोपली नेणारी बाई घरी जाऊन चूल पेटवणार, स्वतःच्या पोरांना स्वतःच्या हातानं वाढणार, आणि शेजारणीला त्यातला घास देणार का नाही हे तीच ठरवणार. सज्ज्यातल्या कुणालाही ते दिसणार नाही. माझा कौल टोपलीला आहे.

अर्थात टोपली द्यायला समोरच्याकडे चूल हवी. ज्याच्याकडे ती नाही त्याचं काय, याचं मला पटलेलं उत्तर रोमचं आहे. तिथल्या संत एजिदिओ या समुदायानं १९८२ च्या नाताळात त्रास्तेवेरे भागातल्या सांता मारिया या प्राचीन चर्चच्या आतच टेबलं मांडली. पाहुणे होते वीसेक. रस्त्यावर राहणारे, एकटे पडलेले म्हातारे. आज अनेक देशांत हे जेवण होतं आणि पाहुण्यांचा आकडा कुठल्या कुठे गेला आहे. पण दोन गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. कार्यकर्ते त्याच टेबलावर बसून तेच जेवतात. आणि प्रत्येक पाहुण्याला भेट मिळते ती त्याच्या नावाची. नाव माहीत व्हायचं तर त्या माणसाशी नाताळच्या आधी बोललेलं असावं लागतं, वर्षभर. म्हणजे जेवण एका दिवसाचं असलं तरी त्याची तयारी बाराही महिन्यांची झाली.

हा सगळा विचार ख्रिस्ती देशांतून उचलून आणायची गरज आहे असं मात्र नाही. आपल्या शेजारच्याच घरात तो आहे. रमजान संपून ईदची नमाज होण्याआधी फितरा द्यायचा असतो. माणशी ठरावीक मापाचं धान्य किंवा त्याची किंमत. घरचा कर्ता तो तान्ह्या बाळाच्याही वतीनं देतो. नमाजेच्या आधी हे वेळापत्रक काटेकोर आहे, कारण उद्देशच असा की ईदच्या सकाळी कुणावर हात पसरायची पाळी येऊ नये. नमाजेनंतर दिलं तर ते साधं दान झालं, फितरा नव्हे. आता यातली पुढची गोम बघा. आपले कोकणी मुसलमान शाफई मजहबाचे. त्या मजहबात फितरा देण्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही. ईदच्या दिवस-रात्रीची स्वतःची आणि घरच्यांची गरज भागून ज्याच्याकडे थोडं उरतं, त्यानं द्यायचा. म्हणजे सकाळी ज्याला चार घरांचा फितरा मिळाला, त्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त जमलं तर त्यानंही आपला वाटा काढून पुढच्याला द्यावा. घेणारा त्याच सकाळी देणारा होतो. हा नियम पहिल्यांदा समजावून घेतला तेव्हा मला वाटलं, आपल्या सगळ्या संस्थांच्या घटना यापुढे कच्च्या आहेत.

कोकणातल्याच बेने इस्राएल यहुद्यांचं एक पुस्तक आहे. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचायची हग्गादा. मराठी भाषांतरासह ती १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. तिच्यात जेवणाला बसण्याआधी, अगदी सुरुवातीलाच, भुकेल्यानं यावं आणि आमच्यात जेवावं असं आवतण येतं. तेही गुलामीतल्या गरिबीच्या भाकरीकडे बोट दाखवून. आम्ही सधन आहोत म्हणून या, असं ते म्हणत नाहीत. आम्हीही तसेच होतो म्हणून या.

आता घरचं बघू. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ काढला. १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल. दीड कोटीहून अधिक शिधापत्रिकाधारकांसाठी. पुढे गुढीपाडवा, गणपती असा तो आणखी काही सणांना मिळाला. राजकारण बाजूला ठेवून सांगते, कल्पना चांगली होती. बेसनाचे लाडू करायचे का रव्याचे, शंकरपाळी किती तळायची, हे ज्याच्या त्याच्या घरात ठरणार. फसलं ते दोन ठिकाणी. पहिल्याच वर्षी पुष्कळ गावांत पिशव्या वेळेवर पोचल्या नाहीत. रवा आला तर तेल नाही, तेल आलं तर साखर वाटेत, आणि लक्ष्मीपूजन उलटून गेलं. भाऊबीज झाल्यावर आलेल्या रव्याला फार तर उपमा म्हणता येईल, सण नाही. दुसरं म्हणजे पिशवीवर नेत्यांची छायाचित्रं. पुन्हा सज्जा आलाच.

सरकारला हसणं सोपं आहे. कार्यकर्त्यांचे पुडे तरी कधी पोचतात? आपला फराळ गोळा होतो धनत्रयोदशीपर्यंत, कारण घरोघरी तो तेव्हा तयार होतो. मग वर्गवारी, गाडी, मेळघाटात किंवा पालघरच्या पाड्यांवर प्रवास. आणि पाड्यावर गेल्यावर कुणी विचारत नाही की बाबांनो, तुमच्याकडे आता कोणता सण आहे. वारली घरांत दिवाळी वाघबारशीनं लागते, वाघाच्या पूजेनं. नवं भात आलेलं असतं, काकडी असते, करांदे उकडतात. आपण मात्र ‘यांना दिवाळी माहीतच नाही’ असं समजून चिवड्याचे पुडे वाटून येतो आणि परतीच्या वाटेवर गाडीत भावुक होतो. पोरं चिवडा आनंदानं खातात, त्यात वाद नाही. पण ज्यांच्या अंगणात आपण उभे असतो तिथलं उकडलेलं करांदं हातात घेऊन खाल्लंय, असा कार्यकर्ता मला क्वचितच भेटला. पाहुणा म्हणून गेलो असतो तर नक्की खाल्लं असतं.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथांवर मी दिवाळीत बरीच वर्षं कार्यकर्त्यांबरोबर जाते. गावोगावचे, परराज्यांतले रुग्ण आणि त्यांच्यासोबतची माणसं उपचार होईतो तिथे राहतात. दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे अनेकांची सोय होते. पण सगळे मावतील एवढी जागा मुंबईत कुणाकडेच नाही. दिवाळीत त्या फुटपाथांवर संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. एका संध्याकाळी खानदेशातल्या एका बाईच्या प्लास्टिकच्या कागदाखाली मी मिठाईचे डबे पाहिले. एकावर एक रचून ठेवलेले, दोन तर उघडलेही नव्हते. नवऱ्याची केमोथेरपी चालू होती. तोंडभर फोड आलेले, पाण्याचा घोटही झोंबत होता. आमच्या पुड्यात चकली होती. बाईनं पुडा घेतला, कपाळाला लावला आणि विचारलं, गुरगुट्या भात मिळेल का कुठे, बिनतिखटाचा, आणि थोडं साजूक तूप? आमच्यातल्या एकीनं जवळच राहणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. तासाभरात डब्यातून भात आला, गरम. बाईनं नवऱ्याला चार घास भरवले. मग ती उठली, रचलेल्या डब्यांतला वरचा काढला, तोंडानं फुंकर मारून त्याच्यावरची धूळ उडवली आणि आमच्यासोबतच्या लहान मुलीपुढे धरला. दिवाळीचं आलाय, तोंड गोड केल्याशिवाय कसं जाता, म्हणाली. आमच्यातले एक काका नको नको करायला लागले, तुम्हालाच राहू द्या म्हणून. त्यांचा हेतू चांगला होता. पण मुलीला जास्त कळत होतं. तिनं पेढा घेतला आणि वाकून नमस्कार केला.

तेव्हापासून आमच्या गटात काही गोष्टी बदलल्या. दिवाळीला तिथे न विचारता कुणीही जेवण नेत नाही, कारण त्या आठवड्यात अन्न उरतं आणि कचऱ्यात जातं. आठवडाभर आधी जाऊन विचारून येतो. मऊ भात, पातळ वरण, शिजवून कुस्करलेली भाजी, ताक कुणाला चालतं आणि कुणाला डॉक्टरांनी बंद केलंय. आणि दोन शेगड्या एका ओळखीच्या ओसरीवर ठेवल्या आहेत. ज्या बायांना हातानं काही करायचं असतं त्या येऊन करतात. एकीनं गेल्या दिवाळीत सांजोऱ्या केल्या आणि आम्हाला वाढल्या. आम्ही जेवलो.

थोडं स्वयंपाकाच्या कामाबद्दलही बोलायला हवं. व्यासपीठावर हे बोलणं कुणाला आवडत नाही, पण लोक आजारी पडतात ते याच्यामुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहातला प्रसाद खाऊन शेकडो माणसांना विषबाधा झाली. एकादशी होती, पानात उपासाची भगर आणि आमटी. रुग्णालयात जागा पुरेना. झाडांना दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवल्या आणि माणसं खाली जमिनीवर झोपवली. भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्रात आणि महाशिवरात्रीला जवळजवळ दर वर्षी येतात. सुटी, जुनी भगर किंवा तिचं दळून ठेवलेलं पीठ दमट हवेत लगेच बुरशी धरतं. तेव्हा भगर करायचीच तर पाकीटबंद, ताजी, निवडून, धुऊन, आणि पीठ साठवायचं नाही. दुसरी खोड डबे भरण्याची. पहाटे चारला आचारी भात उतरवतो, सहाला तो वाफाळता असतानाच डब्यांत भरून झाकणं लावतात आणि वाटप होतं दुपारी एकला, कारण पाहुणे उशिरा येतात. मधल्या वेळात तो भात ना गरम राहतो ना गार होतो, आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवता येत नसेल तर ते शिजल्यावर लगेच वाढायचं. यात तडजोड नाही, मग उद्घाटन करायला कुणीही येणार असो.

आणि भांडी. वाढताना पळी हातात धरायला चाळीस जण असतात. पातेल्याच्या बुडाला करपलेला भात खरवडायची वेळ आली की चार उरतात, आणि बहुधा दर वर्षी तेच चार. बाबांच्या हातात खराटा होता, पळी नव्हती, हे त्यांच्या नावानं चालणाऱ्या व्याख्यानमालेत मी सांगावं असं नाही, पण सांगते.

एक प्रश्न राहतो आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा आहे. बाबा कीर्तनातून गावोगाव बजावत होते की कर्ज काढून सण करू नका. घरातली भांडी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा, हे त्यांचं सांगणं. मग गरिबाचा सण साजरा व्हावा म्हणून आपण धडपडावं, हे बाबांना मान्य झालं असतं का? मला वाटतं, झालं असतं. बाबांचा राग सणाच्या नावानं सावकाराच्या वहीवर उठणाऱ्या अंगठ्यावर होता. सण टळत नाही, कारण पोरं शेजारचं बघतात. मग बाप उचल घेतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांना विचारा. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत दिवाळीचा हिशेबही असतो, आणि ती फेडायला सगळा गाळप हंगाम कोयता चालवावा लागतो. आपण दिलेला किलोभर रवा आणि साखर त्या उचलीतले चारशे रुपये जरी वाचवत असेल, तर बाबांच्या सांगण्याशी तो सुसंगतच आहे. पण तो फडावर जाऊन द्यायचा नसतो. गाव सोडण्याआधी द्यायचा असतो. गाडी भरायच्या आत.

म्हणून माझी मंडळाला आणि तुम्हाला विनंती अगदी साधी आहे. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे. मंडळाच्या नाताळच्या जेवणाला वाढप्यांची नावं पुरेशी झाली आहेत, असं मला इथे आल्यावर सांगण्यात आलं. तिथे आणखी गर्दी नको. भांड्यांच्या रकान्यात मात्र जागा आहे. आणि संक्रांत १४ जानेवारीला आहे. या भागातल्या ज्या वस्त्यांची यादी मंडळानं केली आहे, तिथल्या प्रत्येक घरासाठी अर्धा किलो तीळ, अर्धा किलो चिक्कीचा गूळ आणि एक किलो बाजरीचं पीठ, एवढं १० जानेवारीच्या आत पोचवायचं आहे. पुड्यावर कुणाचंही नाव घालू नका. लाडू वळून देऊ नका. ते ज्यांचे त्यांना वळू द्या, आणि संक्रांतीच्या संध्याकाळी त्यांनी बोलावलं तर तिळगूळ घ्यायला त्यांच्या घरी जा.